शेवटचे दोन आकडे

नवरा गेल्यावर मनुबाई वडूजजवळच्या वाडीवरून मिरजेला आली आणि एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागली. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी आकडे मात्र तिने वॉर्डातल्या खाटांवरच्या पाट्या वाचून पक्के केले होते. १९९४ साली गुडघे दुखायला लागले, तेव्हा तिला रेकॉर्डच्या खोलीत विनोदिनीताईंच्या हाताखाली दिलं.

खोलीत चौदा हजार केसपेपर, प्रत्येकावर पेशंटचा नंबर, पण लावलेले आडनावांप्रमाणे. ‘झ’ची फाइल रिकामी आणि ‘प’ची एवढी फुगलेली की दोन हातांत मावेना. ताईंनी तिच्या पाच सारख्या फायली केल्या. महिनाभरात पाटील, पवार पुन्हा वाढले आणि कोणता कागद पाचांपैकी कुठे, तेही कळेना. खाली डॉक्टर अनीश ओरडायचे, “पेशंट तासभर बसलाय, जुना कागद कुठाय?”

ताई डोकं धरून बसल्या. मनुबाई फरशीवर पसरलेल्या कागदांकडे बघत होती.

“ताई, नावं सोडा की. लंबराचं शेवटचं दोन आकडं बघा.”

“म्हणजे?”

“ह्यो आठ हजार सातशे सदतीस. ह्यो गेला सदतिसात. नऊ हजार सदतीस? त्यो बी तिथंच. शून्य-शून्यापास्नं नव्याण्णवपातुर शंभर फायली करायच्या. नवा पेशंट आला की लंबर एकानं फुडं जातुया, म्हंजे कागुद बी फुडच्या फायलीत जानार. कुटलीच फाइल एकटी फुगायची न्हाई.”

ताईंनी पेन घेऊन हिशेब मांडला. फायलीमागे एकशे चाळीस कागद. नंबर पेशंटच्या कार्डावर असायचाच, आणि कार्ड विसरणाऱ्यांसाठी नावांची वही होती.

“मावशी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कोन शिकवतंय! कागुद लावता लावता दिसलं.”

चार रविवार दोघी खपल्या. शेवटी मोजणी केली. एकशे चाळीस, एकशे एकोणचाळीस, पुन्हा एकशे चाळीस. पण बासष्टमध्ये एकशे एकवीसच, आणि सव्वीसमध्ये एकशे एकोणसाठ. मनुबाईने जीभ चावली. सहा-दोन आणि दोन-सहा तिनेच उलटे वाचले होते. एकोणीस कागद तिने स्वतः हलवले, तेव्हा कुठे जेवली.

पुढच्या वर्षी पुण्याहून हॉस्पिटलचा कारभार शिकवणारे एक प्राध्यापक दवाखाना बघायला आले. त्यांनी सहज एक नंबर सांगितला. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत कागद समोर.

“मोठ्या हॉस्पिटलांत असंच लावतात. आम्ही हे शिकवतो,” ते म्हणाले. “इथे कोणी सुरू केलं?”

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मनुबाईला खांद्याला धरून पुढे केलं. “ह्यांनी. आमच्या मनुमावशींनी.”

प्राध्यापकांनी हात जोडले. मनुबाईने पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

त्या शनिवारी ती विट्यावरून एसटीने वाडीला गेली आणि आईला, हरणाबाईला, सगळं सांगितलं. म्हातारीला त्यातलं एवढंच कळलं, “म्हंजे तू आता हापिसात असतीस व्हय?”

“असती न्हवं, आये. त्ये हापीस मी लावलंय.”

दिवस मावळेपर्यंत हरणाबाईने अख्ख्या वाडीला सांगून टाकलं, आणि शंभराच्या हजार फायली केल्या.