सुपडूनाना आणि ठाण्याची जीप

गावाची शीव आली की सुपडूनाना जीप उगाचच खालच्या गिअरमध्ये टाकायचे. आधीच ती खटारा डिझेल गाडी, त्यात असं केल्यावर अशी कोकलायची की शेतातले बैलही माना वर करायचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या ठाण्यात मी शिपाई म्हणून नवाच लागलो होतो. मागच्या बाकावर बसून जाम वैतागायचो. निघालेलो हातभट्टीवर धाड टाकायला, आणि जायचं वाजतगाजत? आता बोला!

नाना ठाण्याचे ड्रायव्हर हवालदार, मूळचे धुळ्याकडचे. एकदा न राहवून मी टोकलं, तर शांतपणे म्हणाले, "हाई जीप आपला पहिले गावमा जास, भाऊ. चांगलं शे." खरंच, तिचा आवाज ऐकून आम्ही पोचेपर्यंत माणसं पसार झालेली असायची. आम्ही पिंपं ओतायचो, मडकी फोडायचो आणि परत फिरायचो. कोणाच्या अंगाला हात लावावा लागत नसे. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मलाही ते बरं वाटायला लागलं.

नव्वदच्या सुमारास जिप्सी आली आणि ठाण्यात दुसरा विषयच उरला नाही. पळते कशी, वळते कशी, चढाला दमत नाही, जीपसारखी हाडं खिळखिळी करत नाही. नानांनी एक फेरी मारली, खाली उतरले आणि एवढंच म्हणाले की हिचा आवाज लांबून ऐकू येत नाही. आम्ही हसलो. ठाण्याला नुकत्याच आलेल्या नव्या साहेबांना नेमकं तेच आवडलं होतं.

पहिल्याच धाडीला साहेबांनी नानांना बजावलं, हॉर्न वाजवायचा नाही. नानांनीही वाजवला नाही. भरदुपारी नाल्याकाठच्या माणसांनी मान वर केली तेव्हा आम्ही त्यांच्या पुढ्यातच उभे होतो. वाट फुटेल तिकडे सगळे पळाले. पंचविशीचा एक गडी शेजारच्या केळीच्या बागेत घुसला. आत बिनकठड्याची विहीर होती, ती त्याला दिसली नाही. भट्टी त्याची नव्हतीच, बिचारा जळणाची मोळी टाकायला आला होता.

दोर लावून नानाच विहिरीत उतरले. त्याला वर काढलं तोवर सगळं संपलं होतं. जिप्सीत घालून त्याला तालुक्याला नेलं. त्या सबंध रस्त्यावर नानांनी हॉर्नवरचा हात उचलला नाही. साहेब शेजारीच बसले होते.

नंतर नानांनी जुनी जीप परत मागितली. ती लिलावात गेली होती. मग त्यांनी गाडी चालवणंच सोडलं. निवृत्तीपर्यंत ठाण्याच्या दारात पहारा केला. त्यांना तसं उभं पाहून माझा जीव तुटायचा.

ते गेले त्याच्या महिनाभर आधी धुळ्याला त्यांना भेटलो. अंथरुणाला खिळले होते. त्या गड्याचा विषय त्यांनीच काढला. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, हुकूम साहेबांचा होता. तुम्ही किती दिवस मनाला लावून घेणार?"



"हुकूम साहेबना व्हता," ते म्हणाले. "हॉर्नवरना हात तं मन्हा सोताना व्हता."