डालग्याखालची कोंबडी

देवरूखजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. एका कोंबडीला रक्त आलं की बाकीच्या नेमक्या तिथेच चोची मारतात, हे पुस्तकातून कशाला सांगायचं? आमच्या परसातच चाललं होतं. एक लंगडी कोंबडी बाकीच्यांनी टोचून टोचून अर्धमेली केली, तेव्हा मी तिच्या जखमेला हळद भरली आणि तिला बांबूच्या डालग्याखाली वेगळी झाकून ठेवली.

"सर, बरी झाल्यावर ती काय करेल?" वर्गातल्या एका मुलीने विचारलं. "सोडली की कळेल," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी डालगं उचललं. ती थेट एका आजारी कोंबडीवर धावली आणि तिच्या डोक्यात चोच हाणली. असा संताप आला, की मी तिला दगड मारला.

गावकीच्या बैठकीत उलट बोललो म्हणून आमचं घर दोन वर्षं वाळीत होतं. वडिलांना खांदा द्यायलाही कुणी आलं नाही. यंदा शिमग्याला पालखी पुन्हा आमच्या दारात आली, आईने रडत ओटी भरली.

पुढच्याच बैठकीत खालच्या वाडीतलं एक घर वाळीत टाकायचं निघालं. हात वर करा म्हणाले.

सगळ्यात आधी माझा गेला.