स्तामेनाकाकूच्या नडग्या आणि एल एकोणसाठ

आमच्या शेजारच्या स्तामेनाकाकूला थंडी मुळीच सोसत नाही. ऑक्टोबर लागला की ती लोखंडी चुलीला जी चिकटते, ती थेट ईस्टरपर्यंत. नातू मांडीवर आणि पाय चुलीच्या तोंडाशी. यंदा नडग्यांवर तपकिरी जाळी उमटली, म्हणून सून दुशित्सा तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि चिठ्ठीवर आजाराचा कोड पडला: एल एकोणसाठ.

कोड दिसला की आमच्या लोकांना चैन पडत नाही. दुशित्साने बसमध्येच मोबाइलवर शोधला. ‘विकिरणामुळे होणारे त्वचेचे इतर विकार’! घरी येताच तिने पोराला आजीच्या मांडीवरून उचललं, ते पुन्हा ठेवलंच नाही.

गावात एकच चर्चा. नव्याण्णव सालच्या युद्धात टेकडीवर युरेनियमचे बॉम्ब पडले, त्यातलंच हे. पण मग इतकी वर्षं कुठे दडून बसलं होतं? आणि काकूलाच का? मला काही म्हणता काही कळेना. वेडेपणाच होता सगळा, तरी मीही दार लावून माझ्या नडग्या बघून घेतल्या.

संत निकोलाच्या सणाला काकूकडे सगळे जमलो. दवाखान्यात कोड लिहिणारी झागोर्का आमच्याच गल्लीतली, तीही आली. मी तिला गाठलंच.

“काय गं, चुकून लिहिलंस ना?”

“चुकून कशाला? बरोबर आहे कोड. रोज चुलीची धग लागली की अशी जाळी उठते. कोडच्या पुस्तकात ती याच कप्प्यात बसते.”

“आणि बॉम्ब?”

“बॉम्बचा काय संबंध, दादा? नुसती धग!”

“म्हणजे चुलीतून विकिरण येतं?”

“येतं की. उन्हातूनही येतं.”

हे ऐकल्याबरोबर चुलीजवळचे तिघे आपापले रकिया दारूचे पेले उचलून खिडकीकडे सरकले. झागोर्काने कपाळावर हात मारला.

दुशित्साला मात्र रडू फुटलं. पोराला घेऊन ती सासूपुढे उभी राहिली. “आई, घ्या ना याला. मी उगाच घाबरले.”

पोर झेपावत होतं. काकूने हात पुढे केले, मग मागे घेतले आणि घागरा पार घोट्यांपर्यंत ओढला.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “कोड बरोबर आहे म्हणते ना ती.”