न निघालेली कॉलर ट्यून
परवा कोठी बाजारातल्या एका दुकानात एका सोळा वर्षांच्या गायकाचं जुनं प्रेमगीत लागलं आणि वडील गेले तो आठवडा आठवला. त्या वर्षी हैदराबादभर तेच वाजत होतं. पुतणीच्या फोनलाही तीच कॉलर ट्यून होती; तिला फोन लावताना माझ्याकडून ट्यून कॉपी करायचा स्टार दाबला गेला आणि ती मला चिकटली. मला ती ऐकू येईना, सांत्वनाला फोन करणाऱ्या प्रत्येकाला यायची. नांदेडहून काका ओरडले, "बाप जाऊन दोन दिवस नाही झाले अन् प्रेमाची गाणी लावलीस?" "मी नाही लावलं, काका." "मग काय बापानं लावलं?" ती काढायला फोन केला की कस्टमर केअरचा तेलुगू आवाज एक दाबा, दोन दाबा म्हणत पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडायचा. अंबरपेठच्या घरात, उदबत्तीच्या धुरात, मी फोन मुठीत धरून बसलो, गाणं कुणाला ऐकू जायच्या आत, वाजताक्षणी उचलायला. वडिलांसाठी रडायला त्यात सवड मिळाली नाही. ती अजूनही मिळालेली नाही.