मेंढ्या आधी कुणाच्या रानात

वैरागच्या गोदामातली ती बैठक मोडली असती, तर दोष माझाच असता.

सांगोल्याकडचे मेंढपाळ आणि वैरागच्या आसपासचे शेतकरी यांना समोरासमोर बसवायला आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाला दोन वर्षं लागली होती. काढणी झालेल्या रानात मेंढ्या बसवल्या की रानाला खत मिळतं. त्या बदल्यात शेतकरी पाणी, चारा आणि ज्वारी देतात. पूर्वी जो तो आपापलं ठरवायचा आणि मग भांडायचा. आता पाच गावांचा मिळून एकच करार व्हायचा होता. तो मी लिहिला.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. आमच्या घरी चहाचा कपसुद्धा पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवला जायचा. करारात मी एक कलम घातलं: ज्याची जमीन सर्वांत कमी, त्याच्या रानात मेंढ्या आधी. ते घालताना मी कुणालाच विचारलं नाही. न्याय्य गोष्टीला विचारायचं काय, असं वाटलं.

कलम वाचलं आणि एक मोठा बागायतदार उठला. "म्हंजे माझा नंबर मृगात, पेरणीच्या तोंडावर. आन पान्याला विहीर मात्र माझीच लागणार की."

"विहिरीची धमकी देऊ नका," मी म्हणाले.

तो चपला घालू लागला. त्याच्यामागोमाग आणखी चौघे उठले. मेंढपाळांतले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "ताई, मेंढरं पानी बगून चालत्यात. कागद बगून न्हाय. हितं पानी नसंल तर आमी दुसरीकडं जातो."

दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर दाराबाहेर चालली होती.

त्या कलमाप्रमाणे केलेल्या माझ्या यादीत सगळ्यांत वर नाव होतं ते एका दीड एकरवाल्या बाईचं. ती मागून म्हणाली, "मला आधी नगं."

"मावशी, कुणाला घाबरू नका."

"घाबरतीय कुटं? मेंढरं उठली की लगेच नांगर लागतो, न्हायतर लेंड्या वाळून वाऱ्यावर जात्यात. भाड्याचा ट्रॅक्टर माझ्याकडं येतो सगळ्यांच्या शेवटी. मग मेंढरं आधी बसवून काय करू?" ती बागायतदाराकडे वळली. "तुमी आधी घ्या. पर माझ्या रानातनं मेंढरं उठली की दुसऱ्या दिवशी तुमचा ट्रॅक्टर माझ्याकडं. त्ये लिवून द्या. आन बसा आता, चपला कुटं पळत न्हाईत."

गोदामात हशा पिकला. बागायतदारही हसला. "लई पक्की हाय ही," म्हणत त्याने चपला काढल्या. "लिवा, ताई."

मी माझ्या कलमावर आडवी रेघ मारली आणि खाली तिचं कलम लिहिलं. स्वतःपुरत्या ट्रॅक्टरवर ती थांबली नाही. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्या सगळ्यांची नावं तिने मला कलमात घालायला एकेक करून सांगितली. आजोबांनी अंगठा उमटवला. स्वतःचं लिहिलेलं खोडून इतकं हलकं मला आधी कधीच वाटलं नव्हतं.