खळीचा वास आणि चाचांची हातगाडी

सुती साडीला खळ घालणं हे आजच्या यादीतलं शेवटचं काम होतं. पातेल्यात खळ रटरटली, तिचा वास सुटला आणि मी थेट भिवंडीच्या घरी पोचले.

सत्तरच्या दशकातली ती दुपार. शहरात हिंदू-मुसलमान दंगलीच्या अफवा उठल्या होत्या, दुकानं बंद होती. आईने पडघ्याला मामाकडे जायला गाठोडं बांधलं होतं. वडील मात्र अडून बसले होते. "आज चाचांकडून बीम यायचाय. तो आला तर राहायचं."

आमच्या घरच्या लूमला, म्हणजे यंत्रमागाला, लागणाऱ्या सुताला खळ देऊन, ते बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळून पाठवायचे पलीकडच्या मोहल्ल्यातले रशीदचाचा.

मी तेव्हा कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होते. "ज्या देशांचा एकमेकांशी व्यापार असतो, ते सहसा लढत नाहीत," मी पुस्तकातलं ऐकवलं.

"मग तुझ्या पुस्तकालाच सांग बीम आणायला!" आई म्हणाली.

तेवढ्यात दारात हातगाडी खडखडली. चाचा स्वतः ओढत आले होते. त्यांची नजर आधी गाठोड्यावर गेली.

"भाऊ, तुम चले जाओगे तो मेरा बीम कौन चलाएगा?"

"कुठं न्हाय जात," आई घाईने म्हणाली. "धुवायचे कपडे हायेत ते."

चाचांनी लांब श्वास सोडला आणि ते ओट्यावरच बसले.

तेव्हा वाटलं, पुस्तक खरं ठरलं. आज वाटतं, बीम दोन दिवसांनी आला असता तरी चाललं असतं. आम्ही आहोत ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आईने गाठोडं सोडलं आणि चहाचं आधण ठेवलं.