तुपाला शीग येत नाही

नानकटाईचे सगळे खोके परत आले होते. अल खौदच्या सुपरमार्केटचा वर निरोप: उचलली की भुगा होतो, लोक आम्हाला बोलतात. दिवाळी तोंडावर आलेली. इकडे आखातात, गाला नावाच्या भागातल्या त्या बेकरीत मी क्वालिटी बघायची. क्वालिटी म्हणजे, काही बिघडलं की सगळे जिच्याकडे बघतात ती.

आमचे मॅनेजर कुरियन यांचा निकाल तयार होता. "मॅडम, परब का हाथ ही ठीक नहीं है. प्रोबेशन में है ना? टिकट दे दो, खलास."

परब मालवणकडचे, पन्नाशीचे. आधीचा कुक सोडून गेल्यावर नानकटाईचं टेबल त्यांच्याकडे आलं होतं. स्लॅब घालायचा म्हणून त्यांनी गावच्या घराची कौलं उतरवून ठेवली होती आणि बायको-मुलं भावाकडे राहत होती. हा माणूस आता परत गेला असता तर डोक्यावर कौलंही नाहीत आणि स्लॅबही नाही. मला त्यांचं फार वाईट वाटत होतं. पण वाईट वाटून नानकटाई सुधारत नाही.

"मला जरा बघू द्या," मी कुरियनना म्हटलं.

"यल्ला, देखो. लेकिन जल्दी."

मैदा तपासला. ठीक. ओव्हनचं तापमान ठीक. तूप तेच, कंपनी तीच. रेसिपी कार्डही जुनंच, सगळं कपात लिहिलेलं. मग मी सकाळी सरळ परबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

त्यांनी कप मैद्यात बुडवला. दोनदा टेबलावर आपटला. मैदा खाली बसला, तसा वर आणखी मूठभर घातला आणि काठावर छान टोकदार ढीग उभा केला. कोकणात याला शीग म्हणतात.

"परब, तुम्ही नेहमी असंच भरता?"

"मग? शीग नाय तर ता माप कसला, मॅडम? घराकडे कोणाक सपाट माप दिला तर लोक काय म्हणतले!"

मी वजनकाटा आणला. त्यांचा कप ओतला: एकशे पासष्ट ग्रॅम. मग मी चमच्याने मैदा हलका सोडून, सुरीने काठ सपाट करून तोच कप भरला. एकशे वीस.

कप मोजतो जागा, काटा मोजतो वजन. मैदा, बेसन, पिठीसाखर यांच्यात हवा असते. दाबाल तेवढं जास्त मावतं. तूप मात्र पातळ करून ओततात, ते काठाशीच थांबतं. म्हणजे कोरडं सगळं शिगेला आणि तूप सपाट. भुगा होणार नाही तर काय? बिचाऱ्याने हात आखडता घेतला असता तर नानकटाई उत्तम झाली असती!

"म्हणजे चूक माझीच," परब हळूच म्हणाले. "पाठवतले आता."

"चूक कपाची आहे. तूप पातळ करायला ठेवा."

कार्डावरचा एकेक जिन्नस मी सपाट कपाने मोजला, त्याचं वजन केलं आणि कार्ड ग्रॅममध्ये लिहिलं. कप कपाटात टाकून कुलूप लावलं. दुपारची बॅच परबांनीच केली, काट्यावर. कुरियननी एक उचलली. अख्खी राहिली. खाल्ली, आणखी एक उचलली. "रहने दो उसको," तोंड भरलेलं असतानाच म्हणाले.

सुपरमार्केट पुन्हा माल घेऊ लागलं. परब पर्मनंट झाले. पुढच्या सुट्टीवरून आले ते मोबाइलवर स्लॅबचा फोटो घेऊनच. कामावर रुजू झाल्यावर नानकटाईचा एक खोकाही आणून दिला, बेकरीत त्यांनीच भरलेला. "तुमका, मॅडम."

खोक्यावर छापलं होतं, २५० ग्रॅम. सवयीने काट्यावर ठेवला. तीनशे दहा.

काट्याने हाताचा अंदाज सुधारतो, स्वभाव सुधारत नाही. क्वालिटीच्या बाईने याचा रिपोर्ट करायला हवा होता. मी खोका घरी नेला.